पांढरे ठिपके आणि उपचाराचे श्रेय : सागरी मत्स्यालयातील परजीवी-नियंत्रणविषयक लेखनाची चिकित्सा

गोषवारा : खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात माशांना होणाऱ्या परजीवी संसर्गावर गेल्या सात-आठ दशकांत विपुल लेखन झाले आहे. त्यात संशोधनपर निबंध, हस्तपुस्तिका आणि व्यवसायातील तोंडी परंपरा असे तीन प्रवाह आढळतात. प्रस्तुत लेखात 'क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स' या रोमक परजीवीमुळे होणारा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग मध्यवर्ती धरून, या लेखनात 'उपचार यशस्वी झाला' हे विधान कोणत्या पुराव्यावर केले जाते, याची चिकित्सा केली आहे.

बीजशब्द : सागरी मत्स्यालय, परजीवी, क्रिप्टोकॅरिऑन, अ‍ॅमिलोओडिनियम, विलगीकरण, मोरचूद, क्षारता.

प्रस्तावना

शोभिवंत मत्स्यपालन हा विषय आता प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेपुरता राहिलेला नाही. स्वयंरोजगाराच्या अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांत त्याला स्थान मिळाले आहे आणि महाविद्यालयांच्या दर्शनी दालनांतूनही काचेच्या टाक्या दिसू लागल्या आहेत. गोड्या पाण्यातील गप्पी, मोली, गोल्डफिश यांच्यापासून सुरुवात करणारा विद्यार्थी दोन-तीन वर्षांत खाऱ्या पाण्याकडे वळतो. क्लाउनफिश, डॅमसेल, टँग, बटरफ्लायफिश आणतो. आणि बहुधा पहिल्याच महिन्यात माशांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके पाहतो. यापुढे तो जे करतो ते त्याला कोणी सांगितलेले असते. हे सांगणारे कोण आणि ते कशाच्या आधारावर सांगतात, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

येथे एक गोष्ट प्रारंभीच नमूद करणे आवश्यक आहे. सागरी मत्स्यालयातील बहुतांश जातींचे मासे आजही प्रवाळभित्तीवरून पकडून आणलेले असतात. क्लाउनफिशसारख्या काही जातींचे बीजोत्पादन साध्य झाले आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे त्यातील कार्य सर्वज्ञात आहे. परंतु टँग किंवा बटरफ्लायफिश यांच्याबाबतीत टाकीत मेलेल्या माशाची जागा घेणारा पुढचा मासा बहुधा समुद्रातूनच काढला जातो. त्यामुळे चुकीच्या उपचाराची किंमत मोजणारा एकटा हौशी पालक नसतो.

नावातून आलेला घोळ

या परजीवीचा शास्त्रीय इतिहास मत्स्यालयांतच घडला, ही लक्षणीय बाब आहे. जपानमध्ये सिकामा यांनी १९३७ साली सागरी माशांवरील पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचे वर्णन केले. पुढे १९५१ साली ब्राउन यांनी लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेच्या मत्स्यालयातील अभ्यासावरून त्यास 'क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स' हे नाव दिले. (योगायोग असा की मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालयही १९५१ सालीच सुरू झाले.) सिकामा यांनी १९६१ मध्ये त्याच जीवाला 'इक्थिओफ्थिरियस मरिनस' असे संबोधले आणि १९६६ साली निग्रेली व रुजिएरी यांनी न्यूयॉर्क मत्स्यालयातील साथींचे वर्णन करताना ही दोन्ही नावे एकाच जीवाची असल्याचे नोंदवून ब्राउन यांचे नाव ग्राह्य धरले.

शास्त्रीय वाद येथे मिटला; व्यवहारातला मिटला नाही. गोड्या पाण्यातील 'इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस' या परजीवीचे 'इक' हे लघुनाम मत्स्यव्यवसायात रुळलेले होते. सागरी रोगही पांढऱ्या ठिपक्यांचा, म्हणून त्याला 'मरीन इक' म्हटले गेले. दोन्ही जीव रोमक आहेत, दोन्ही माशाच्या त्वचेत शिरतात, दोन्ही तळाशी जाऊन पुटी तयार करतात. साम्य इतके की गोंधळ क्षम्य वाटावा. परंतु १९९५ मध्ये डिगल्स व अ‍ॅडलार्ड यांनी केलेल्या जनुकीय तुलनेत हे दोन्ही जीव वर्गीकरणाच्या दृष्टीने परस्परांपासून दूरचे असल्याचे दिसून आले. हे साम्य आप्तसंबंधातून आलेले नसून सारख्या जीवनपद्धतीतून आलेले आहे.

हा केवळ वर्गीकरणतज्ज्ञांचा प्रश्न आहे असे कोणास वाटेल, तसे नाही. नाव एक झाले की औषधही एक होते. गोड्या पाण्यातील रोगावर पाण्याचे तापमान ३० अंश सेल्सिअसपर्यंत वाढविण्याचा उपाय उपयुक्त ठरतो, कारण त्या परजीवीला ती उष्णता मानवत नाही. हाच सल्ला 'मरीन इक'साठी जसाच्या तसा दिला जातो. क्रिप्टोकॅरिऑन मात्र उष्णकटिबंधीय समुद्रातील जीव असून ३० अंशांच्या आसपास त्याची वाढ उत्तम होते. म्हणजे ज्या उपायाने रोग हटावा अशी अपेक्षा, त्याने रोगाला अनुकूल स्थितीच लाभते. शिवाय तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि कल्ले आधीच परजीवींनी ग्रासलेल्या माशाला नेमकी त्याचीच निकड असते.

जीवनचक्र आणि श्रेयाचा प्रश्न

या संपूर्ण चर्चेचे मर्म परजीवीच्या जीवनचक्रात आहे. माशाच्या त्वचेत किंवा कल्ल्यांत शिरलेली पोषावस्था तेथे साधारणतः ३ ते ७ दिवस राहते, पेशी व ऊतिद्रव खाऊन फुगते आणि आपणास पांढरा ठिपका म्हणून दिसते. त्यानंतर ती स्वतःहून मासा सोडते, काही तास तळावर सरपटते आणि वाळूला, दगडाला वा काचेला चिकटून स्वतःभोवती कठीण आवरण तयार करते. या पुटीच्या आत विभाजन होऊन दोनशेच्या आसपास संसर्गक्षम जीव तयार होतात. पुटी फुटण्यास किमान ३ दिवस, बहुधा आठवडाभर लागतो. परंतु इस्राएलमधील इलात येथे अँजेलो कोलोर्नी यांनी केलेल्या निरीक्षणांत काही पुट्या ७२ दिवसांपर्यंत फुटत राहिल्याचे आढळले. बाहेर पडलेल्या पोहत्या जीवाला एक-दोन दिवसांत यजमान मिळाला नाही तर तो मरतो. त्याची संसर्गक्षमता तर काही तासांतच ओसरू लागते.

आता या चक्राकडे उपचारकर्त्याच्या दृष्टीने पाहू. सोमवारी ठिपके दिसतात. मंगळवारी पालक दुकानातून एखादी बाटली आणतो, किंवा खाद्यात लसूण मिसळतो, किंवा नुसती प्रार्थना करतो. शनिवारी ठिपके नाहीसे होतात. ते नाहीसे होणारच होते. परजीवीचा तो मुक्काम संपला होता. मात्र बाटली, लसूण वा प्रार्थना यांपैकी जे केले असेल त्याला श्रेय मिळते. पुढील आठवड्यात तळावरच्या पुट्या फुटतात आणि ठिपके अधिक संख्येने परत येतात, तेव्हा त्यास 'नवा हल्ला' म्हटले जाते आणि पहिल्या औषधाचे श्रेय अबाधित राहते. उपाय कोणताही असो, तो एकदा तरी यशस्वी झालेला 'दिसतो', अशी या रोगाची रचनाच आहे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला, ही म्हण येथे अपुरी पडते; कारण ही फांदी दर आठवड्याला ठरल्या वेळी मोडणारच असते.

गणिताने हे अधिक स्पष्ट होईल. समजा, एका पुटीतून २०० जीव बाहेर पडले आणि त्यांपैकी शंभरात केवळ दोघांना मासा सापडला, तर दर पिढीत परजीवींची संख्या चौपट होते. पहिल्या वेळी माशावर १० ठिपके असतील तर चौथ्या पिढीनंतर ते २५६० होतील. निसर्गात अथांग पाण्यात हे प्रमाण राहत नाही, म्हणून समुद्रातल्या माशावर दोन-चार ठिपके असूनही तो जगतो. चारशे लिटरच्या टाकीत मासा रात्री जेथे विसावतो त्याच्या खालीच पुट्या पडलेल्या असतात. बर्जेस व मॅथ्यूज यांच्या १९९४ मधील अभ्यासानुसार परजीवीचे मासा सोडणे आणि पुटी फुटणे या दोन्ही घटना प्रामुख्याने अंधाराच्या काळात घडतात, म्हणजे मासा एका जागी स्थिर असताना. बंदिस्त टाकी ही परजीवीसाठी एक सोय आहे, असेच म्हणावे लागेल.

श्रेयाच्या या घोळाला दुसरी बाजू आहे ती प्रतिकारशक्तीची. संसर्गातून वाचलेल्या माशामध्ये अंशतः प्रतिकारशक्ती येते व ती सहा महिन्यांपर्यंत टिकू शकते, असे याच दोघा संशोधकांनी १९९५ साली जाड ओठांच्या बोई माशावरील प्रयोगांतून दाखविले. अशा माशावर ठिपके दिसत नाहीत, पण कल्ल्यांत थोडे परजीवी तग धरून राहू शकतात. पालक समजतो, टाकी निर्मळ झाली. मग तो नवा मासा आणतो, आठ दिवसांत नव्या माशावर ठिपके येतात आणि दोष दुकानदाराच्या माथी जातो. दुकानदार निर्दोष असतो असे नव्हे. अनेक दुकानांत सर्व टाक्यांचे पाणी एकाच गाळणीतून फिरत असते. परंतु येथे रोग घरातलाच असू शकतो, ही शक्यता विचारात घेणारे हस्तपुस्तिकाकार मोजकेच आहेत.

याच्या अगदी उलट टोकाचे एक विधान वारंवार छापलेले दिसते : 'हा परजीवी प्रत्येक टाकीत असतोच, मासा अशक्त झाला की तो डोके वर काढतो.' या विधानाची तपासणी करणे अगत्याचे आहे. क्रिप्टोकॅरिऑन हा अनिवार्य परजीवी आहे; माशाविना त्याचे चक्र पूर्ण होत नाही. तो हवेतून येत नाही. मासा, ओले दगड, पाणी किंवा ओले जाळे यांच्याबरोबरच तो टाकीत येतो. ज्या टाकीत तो आणला गेला नाही, तेथे मासा कितीही अशक्त झाला तरी तो प्रकटणार नाही. बर्जेस व मॅथ्यूज यांना तर प्रयोगशाळेत एकाच वाणाचे संवर्धन करताना तीसेक पिढ्यांनंतर वाण क्षीण होऊन संपुष्टात येत असल्याचे आढळले. ताणामुळे माशाची सहनशक्ती घटते, हे मान्यच आहे. पण 'ताण' हा शब्द मत्स्यालयविषयक लेखनात आपल्याकडील 'नजर लागणे' या कल्पनेसारखा वापरला जातो. तो सर्व मृत्यूंचे स्पष्टीकरण देतो आणि म्हणून कोणत्याच मृत्यूचे देत नाही.

तांबे : जुने आणि गैरसमजलेले

ज्या मोजक्या उपायांच्या मागे खरा पुरावा आहे, त्यांत तांब्याचे स्थान पहिले. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयातील रॉबर्ट डेम्पस्टर यांनी १९५५ साली सागरी माशांवरील 'ओडिनियम' रोगासाठी तांब्याचा वापर मांडला. आजही मुक्त ताम्र-आयनांचे प्रमाण दर लिटरला ०.१५ ते ०.२० मि.ग्रॅ. इतके, दोन ते चार आठवडे अखंड राखणे ही मान्य पद्धत आहे. यांतील 'अखंड' हा शब्द महत्त्वाचा. तांबे माशाच्या त्वचेत शिरलेल्या पोषावस्थेला मारत नाही व पुटीच्या आवरणातही शिरत नाही. ते केवळ पोहत्या अवस्थेला मारते. म्हणून चक्रातील प्रत्येक पुटी फुटेपर्यंत पाण्यात मात्रा टिकली पाहिजे. एका दिवसाचा खंड पडला तरी त्या दिवशी फुटलेली पुटी सुटते.

आपल्याकडे तांबे म्हणजे बाजारात सहज मिळणारा मोरचूद. त्यात तांब्याचे प्रमाण सुमारे पाव भाग. शंभर लिटर पाण्यात ०.२० मि.ग्रॅ. मात्रा आणण्यासाठी २० मि.ग्रॅ. तांबे, म्हणजेच सुमारे ८० मि.ग्रॅ. मोरचूद लागतो. हे वजन एका चिमटीपेक्षाही कमी आहे. तरीही 'चिमूटभर मोरचूद टाका' असा सल्ला तोंडी परंपरेत सर्रास मिळतो आणि तो काटेकोरपणे पाळणारा पालक आपले मासे स्वतःच्या हाताने विषबाधेने मारतो. आधी ठरावीक तीव्रतेचे द्रावण बनवून त्यातून मोजून घेणे, आणि रोज चाचणी करणे, याला पर्याय नाही. संयुग-स्वरूपातील तयार ताम्र-औषधांची मात्रा याहून बरीच अधिक असते. तेथे उत्पादकाचा आकडा आणि त्याला अनुरूप चाचणी-संच वापरावा लागतो. दोन प्रकारच्या आकड्यांची सरमिसळ हा हस्तपुस्तिकांच्या वाचकांकडून वारंवार होणारा प्रमाद आहे आणि त्याची जबाबदारी काही अंशी लेखकांवर आहे. 'तांबे ०.२०' असे लिहिताना ते कोणत्या स्वरूपातील, हे सांगण्याची तसदी अनेक जण घेत नाहीत.

तांब्याला दोन मर्यादा आहेत. शिंपले व प्रवाळ यांच्या चुनखडीत ते शोषले जाते, त्यामुळे तळाशी शिंपल्यांची वाळू असलेल्या टाकीत मात्रा टिकत नाही. दुसरे, कोळंबी, समुद्रफूल, प्रवाळ अशा अपृष्ठवंशीयांना ते मारक आहे. पाश्चात्त्य हस्तपुस्तिकांचा मोठा भाग या दुसऱ्या अडचणीने व्यापलेला असतो, कारण तेथील हौशी पालकाच्या टाकीत प्रवाळ असतात. आपल्याकडे परिस्थिती वेगळी आहे. २००१ साली अश्मप्रवाळांचा समावेश वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत झाला. येथील समुद्रातून प्रवाळ काढून टाकीत ठेवण्याचा प्रश्नच कायद्याने निकाली काढलेला आहे. म्हणजे केवळ मासे असलेल्या आपल्या टाक्यांना 'प्रवाळांस निर्धोक' म्हणून विकल्या जाणाऱ्या सौम्य द्रव्यांची मुळात गरज नाही. तरीही तीच द्रव्ये आयात होतात, महाग विकली जातात आणि आपण परक्या अडचणीवरचा उतारा आपल्या टाकीत ओततो. ग्रंथ बाहेरून आला की त्यातील प्रश्नही बाहेरून येतात. ते आपले आहेत का, हे तपासण्याची सवय आपण लावून घेतलेली नाही.

क्षारता आणि स्थलांतर

पाण्याची क्षारता कमी करणे हा दुसरा साधार उपाय. कोलोर्नी यांनी १९८५ साली सीब्रीम माशांवर, पाण्याची क्षारता दर हजारी १० भागांपर्यंत खाली आणून तीन तास ठेवणे, असे तीन दिवसांच्या अंतराने चार वेळा करून संसर्ग आटोक्यात आणला. परासरणाच्या दाबाने पुट्या फुटून नष्ट होतात, असे त्यामागील तत्त्व. घरगुती व्यवहारात याचे रूप बदलले आणि दर हजारी १४-१५ भाग क्षारता काही आठवडे सलग ठेवणे असे झाले. येथे मोजमापाची अचूकता निर्णायक ठरते. प्लास्टिकच्या स्वस्त तरंगकाट्यावर विसंबून हा उपाय करणे म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे. रिफ्रॅक्टोमीटर अनिवार्य मानावा.

परंतु पुराव्याचे क्षेत्रही स्थिर नसते. यांबोट व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये तैवानमधील मत्स्यशेतीतून असे वाण नोंदविले, जे दर हजारी ५ व १० भाग इतक्या कमी क्षारतेतही साथ निर्माण करीत होते. खाड्यांच्या मुखाशी, जेथे पावसाळ्यात पाणी निवळते व उन्हाळ्यात पुन्हा खारट होते, अशा परिसरात ही सहनशीलता निवडली जाणे अस्वाभाविक नाही. कोकणच्या खाड्यांचे पाणी किंवा तेथील मासे मत्स्यालयासाठी वापरणाऱ्यांनी ही बाब ध्यानात ठेवावी. सर्व वाण सारखे, हे गृहीतक येथे कोसळते.

कोलोर्नी यांनीच १९८७ साली पुढे आणलेली टाकी-स्थलांतराची पद्धत प्रस्तुत लेखकास या सर्व साहित्यातील सर्वांत तर्कशुद्ध वाटते. मासा सोडलेल्या परजीवीची पुटी किमान तीन दिवस फुटत नाही. तर मग दर तिसऱ्या दिवशी मासा नव्या, कोरड्या व स्वच्छ भांड्यात हलवावा. पुट्या मागे राहतील. असे चार वेळा केले की अंगावरील सर्व परजीवी गळून जातात आणि एकालाही परत येण्याची संधी मिळत नाही. औषध नाही, विष नाही. दोन बादल्या, हवेचा पंप आणि समान तापमान-क्षारतेचे पाणी पुरते. मूळ टाकी मात्र त्या काळात माशांविना ठेवावी लागते, आणि ७२ दिवसांच्या निरीक्षणाचा आदर करायचा तर अडीच महिने.

इतकी स्वस्त पद्धत व्यवसायात रुजली नाही, याचे कारण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. तिच्यात विकण्यासारखे काहीच नाही. शिवाय अडीच महिने रिकामी टाकी पाहुण्यांना दाखविता येत नाही.

लसूण आणि स्वच्छतामासा

लसणाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. त्याने माशाची भूक वाढते असा अनुभव सांगितला जातो. पण त्वचेत शिरलेल्या परजीवीवर खाद्यातील लसणाचा परिणाम होतो, यास समाधानकारक आधार नाही. त्याचे यश वर वर्णिलेल्या शनिवारच्या यशाहून निराळे मानता येत नाही.

स्वच्छतामाशाचा, म्हणजे 'लॅब्रॉइडिस डिमिडिएटस' या क्लीनर रासचा, मुद्दा अधिक गंभीर आहे, कारण त्यात खऱ्या विज्ञानाचा चुकीचा आधार घेतला जातो. ऑस्ट्रेलियाच्या लिझर्ड बेटावरील ग्रटर यांच्या १९९६ च्या अभ्यासात असा एक मासा दिवसाला सुमारे १२०० परजीवी खातो असे दिसले. हा आकडा जाहिरातीसारखा उद्धृत होतो. परंतु ते परजीवी प्रामुख्याने नॅथिइड या समपाद कवचधारींचे डिंभ होते, जे माशाच्या अंगावर बाहेरून बसतात. त्वचेच्या थराखाली शिरलेले क्रिप्टोकॅरिऑन त्यास उचलता येत नाही. उलट परजीवींचा तुटवडा असलेल्या टाकीत हा मासा बहुधा उपासमारीने मरतो.

निदानाचा अग्रक्रम

एडवर्ड नोगा यांचा 'फिश डिसीज : डायग्नोसिस अँड ट्रीटमेंट' हा ग्रंथ, ज्याची पहिली आवृत्ती १९९६ ची व दुसरी २०१० ची, या लेखनात वेगळा ठरतो तो त्याच्या मांडणीमुळे. रोगांची क्रमवारी त्यांनी परजीवींच्या वर्गांनुसार न लावता निदानाच्या रीतींनुसार लावली : आधी पाण्याच्या चाचणीने कळणारे, मग नुसत्या डोळ्यांनी कळणारे, मग त्वचा व कल्ल्यांच्या ओल्या लेपातून सूक्ष्मदर्शकाखाली कळणारे. पाठ्यपुस्तकी दृष्टीस ही रचना विस्कळीत वाटते. पण आजारी माशासमोर उभ्या असलेल्या माणसाला परजीवीचे कुल ठाऊक नसते. आपल्या हाती काय आहे एवढेच ठाऊक असते. ग्रंथ त्या हातापासून सुरू होतो. त्याची उणीव असलीच तर ती अशी की तो पशुवैद्यकास उद्देशून लिहिला आहे आणि उष्ण प्रदेशातील छोट्या दुकानदाराच्या वा महाविद्यालयीन टाकीच्या साधनसामग्रीचा विचार त्यात नाही.

हा अग्रक्रम किती मोलाचा आहे, हे अ‍ॅमिलोओडिनियम ओसेलॅटम या दुसऱ्या परजीवीवरून दिसते. हाही ब्राउन यांनीच १९३१ मध्ये लंडनच्या मत्स्यालयातून वर्णिलेला. पुढे १९४६ साली ब्राउन व होवास यांनी त्यास सध्याच्या प्रजातीत स्थान दिले. हा रोमक नसून द्विकशाभी आहे. तो प्रथम कल्ल्यांवर चढतो, त्यामुळे अंगावर मखमली धूळ दिसण्याआधीच मासा धापा टाकून मरू शकतो. कधी एक-दोन दिवसांत. एका पुटीतून २५६ पर्यंत पोहते जीव निघतात. महत्त्वाचे म्हणजे तो क्षारतेच्या फार मोठ्या पल्ल्यात जगतो. दर हजारी तीन भागांइतक्या पाण्यातही त्याची नोंद आहे. म्हणजे ज्याने 'पांढरे ठिपके' समजून क्षारता खाली आणली, त्याने मौल्यवान दिवस गमावले. स्थलांतराची पद्धतही येथे भरवशाची नाही, कारण याची पुटी तीन दिवसांच्या आत फुटू शकते. फॉर्मेलिनने तो माशावरून सुटतो, परंतु पापेर्ना यांनी १९८४ मध्ये दाखविल्याप्रमाणे सुटलेल्या जीवांचे विभाजन पुढे चालू राहते. मासा तेवढ्यापुरता सुटतो, टाकी सुटत नाही. क्लाउनफिशवर श्लेष्माचे जाड पापुद्रे आणणारा ब्रुकलिनेला हॉस्टिलिस, ज्याचे वर्णन लोम व निग्रेली यांनी १९७० साली केले, त्यावर तर तांब्याचाही भरवसा धरता येत नाही. आणि निओबेनेडेनिया हा चपटा कृमी गोड्या पाण्याच्या पाच मिनिटांच्या बुडीत पांढरा होऊन गळतो, पण त्याची अंडी तंतूंनी टाकीतच अडकून राहतात.

चार परजीवी, चार निरनिराळे मार्ग. आणि दुकानात बाटली एकच. हे ओळखण्यासाठी लागणारे साधन प्राणिशास्त्राच्या प्रत्येक विभागात कपाटात आहे. माशाच्या अंगावरून काचपट्टीच्या कडेने हलकेच काढलेला श्लेष्म शंभरपट वर्धनाखाली पाहिला, की गोल फिरणारा रोमक क्रिप्टोकॅरिऑन लक्षात येतो. त्याचे महाकेंद्रक चार पाळ्यांचे असते, तर गोड्या पाण्यातील त्याच्या तथाकथित भावंडाचे घोड्याच्या नालासारखे. अ‍ॅमिलोओडिनियम हलत नाही. तपकिरी, पेरूच्या आकाराचा दिसतो आणि आयोडीनचा थेंब टाकला की आतील पिष्टामुळे गडद होतो. पदवीच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी हे एका तासिकेत शिकू शकतो. आपण मात्र त्याला त्याच तासिकेत तयार काचपट्टीवरील, दशकापूर्वी रंगविलेला पॅरामेशियम दाखवितो.

मोजायचे काय

उपचारांची तुलना करायची तर ठिपके मोजून चालणार नाही, हे वरील विवेचनावरून उघड आहे. काही माशांना मुद्दाम उपचाराविना ठेवून तुलना करणे नैतिकदृष्ट्या योग्य नाही आणि लहान महाविद्यालयाला ते परवडणारेही नाही. परजीवी मासा सोडून रात्री तळाशी उतरतो, या निरीक्षणाचा येथे उपयोग करून घेता येतो. उघड्या तळाच्या विलगीकरण टाकीत दिवे मालवताना ठरावीक जागी चार काचपट्ट्या ठेवाव्यात, सकाळी उचलून त्यांवर चिकटलेल्या पुट्या मोजाव्यात आणि वहीत तारीख, तापमान, क्षारता व तांब्याची मात्रा यांसह आकडा लिहावा. शनिवारी ठिपके गेले असताना त्याच सकाळी पट्टीवर पुट्यांची गर्दी असेल, तर परजीवी मेला नसून तळाशी उतरला आहे हे कळते. चार आठवडे पट्ट्या कोऱ्या राहिल्यावर, समुद्राच्या पाण्यास सरावलेली काळी मोली त्याच टाकीत सोडावी. योशिनागा व डिकरसन यांनी १९९४ साली प्रयोगशाळेत हा परजीवी याच माशावर वाढविला होता. ती बाजारात स्वस्त मिळते, तिचे पैदाशीचे मासे भरपूर असतात, आणि तिच्या काळ्या अंगावर पहिलाच ठिपका लगेच नजरेस पडतो.